देल्फिनाने पाल उठवलं नाही

देल्फिना झानोलेत्ती आतले कपडे विकते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. इटलीतल्या कार्मेन्यो गावच्या रविवारच्या बाजारात नवीन आलेला माणूस तिच्या पालासमोर पोचला की एकदम मान वळवतो आणि सरोवराकडे असा बघायला लागतो, जणू घरून डोंगरच बघायला निघाला होता. तिच्या दोरीवर जाळीचं, झिरझिरीत असलं काही लटकत नाही. लोकरी बनियनी, घोट्यापर्यंत येणारे लेंगे, गळ्याशी बटणं लागणारे फ्लॅनेलचे गाऊन, आणि एका माणसाच्या म्हणून शिवलेल्या पण दोघं सहज मावतील अशा चड्ड्या. "माझा माल दिसायला नाही, टिकायला आहे," असं ती म्हणते आणि म्हणताना स्वतःच्या कमरेवर थाप मारते. सत्तरीला टेकलेली बाई आहे, पण थाप वाजते.

जागा मात्र तिची बाजारात पहिली. माज्जोरे सरोवरावरची बोट धक्क्याला लागली आणि फळी टाकली की उतरणाऱ्याचा पहिला पाय देल्फिनाच्या पालाशी पडतो. युद्ध संपल्यावर तिच्या आईने हातगाडीवर पायमोजे विकून हा कोपरा धरला. पुढे परवाना देल्फिनाच्या नवऱ्याच्या, बोर्तोलोच्या नावावर गेला, कारण त्या काळी कचेरीतल्या माणसाचा हात बाईचं नाव लिहिताना दुखत असावा. उन्हाळ्यात या कोपऱ्यावर दगड मांडून बसलं तरी दगड विकले जातील. साहजिकच त्यावर सगळ्यांचा डोळा, आणि सगळ्यात मोठा डोळा शेजारच्या दोरियानोचा.

दोरियानो कातडी पिशव्या विकतो. गोरा, गुळगुळीत, बोलायला लाघवी. त्यांच्या कुरबुरी बाजाराच्या करमणुकीचा भाग होत्या.

"देल्फिना, तुझ्या चड्ड्या बघून माणसं उलट्या पावली बोटीत चढतात."

"चढू दे की. तुझ्या पिशवीचा बंद तुटून पाण्यात पडण्यापेक्षा ते बरं."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग फेब्रुवारीत बोर्तोलो गेला. या बाजारात वर्षातल्या ठरावीक रविवारांहून जास्त गैरहजेऱ्या झाल्या की जागा जाते. तो आजारी होता तेव्हाच्या गैरहजेऱ्या डॉक्टरच्या दाखल्यावर माफ झाल्या. तो गेल्यापासून परवाना देल्फिनाच्या नावावर होईपर्यंतचे रविवार मात्र कोरे राहिले. पाल ठोकायला गेली तर कचेरी म्हणाली, परवाना मयताच्या नावावर आहे, तुम्ही कोण? आणि नाव लागल्यावर तीच कचेरी म्हणाली, इतके रविवार जागा रिकामी, त्याचं काय? मेलेल्या माणसाला डॉक्टर दाखला देत नाही आणि दाखल्याशिवाय नगरपालिका माफ करत नाही. तेव्हा जागेबरोबर गैरहजेऱ्याही तिला वारशाने मिळाल्या. आता वर्ष संपेपर्यंत आणखी एक पडली की कोपरा गेला. गेला तर तो मिळणार बाजारातल्या लगतच्या जुन्या विक्रेत्याला, म्हणजे दोरियानोला.

तिची मुलगी लोरेदाना नोवाराला असते. ती फोनवर समजावत राहिली, "आई, सोड ना आता. किती दिवस खांब उचलत राहणार?"

"सोडेन की. मला वाटेल त्या दिवशी सोडेन," देल्फिना म्हणाली. "पण कुणी हिसकावून घेतलं तर त्याला सोडणं म्हणत नाहीत."

ऑक्टोबरातल्या त्या रविवारपर्यंत आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. पहाटे देल्फिना आली तेव्हा सरोवर धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं आणि चौकातल्या गटारांच्या जाळ्यांतून पाणी हळूहळू वर येत होतं. कार्मेन्योत पूर येतो तो असा, समोरून नाही, पायाखालून. तिने एकटीने खांब उभे केले, ताडपत्री चढवली आणि वाऱ्याने पाल उडू नये म्हणून चारी खांबांना पाण्याने भरलेले डबे टांगले. एरवी तो उन्हाळी बोटींचा सोन्याचा कोपरा. पुरात पहिला बुडतो तोही तोच.

बाजाराचा हवालदार गाउदेन्झिओ छत्री धरून हजेरी घेत आला. माणूस सरळ, पण नियमाचा असा भक्त की स्वतःच्या लग्नातसुद्धा पाहुण्यांच्या गाड्या नीट लावून घेत होता.

"झानोलेत्ती, बोर्तोलो," त्याने सवयीने पुकारलं.

"तो वर कबरस्तानात आहे, तिकडे जाऊन पुकारा. इथे देल्फिना आहे."

"माफ करा, देल्फिनाबाई." गाउदेन्झिओ लाल झाला. "हजर. पण पाणी वाढतंय. मध्येच उठलात तर मला गैरहजर लिहावं लागेल हं. उठायच्या वेळीही मी फेरी मारतो."

"मग बाजार बंद करा की सरळ!"

"बाजार मोडायला महापौरांचा हुकूम लागतो. आणि महापौर रविवारी फोन उचलत नाहीत."

कार्मेन्योच्या बाजारात पावसात एक रीत आहे. कितीही कोसळो, पहिला खांब कुणी काढायचा नाही. जो काढेल तो वर्षभर टोमणे खातो. त्यामुळे सगळे भिजत, कुडकुडत, एकमेकांच्या खांबांकडे चोरून बघत उभे असतात. त्या दिवशी पाणी घोट्याशी आलं आणि चीजवाल्या इवोचा धीर सुटला. त्याने खांब काढला मात्र, सगळ्यांनी त्याला भरपेट शिव्या दिल्या आणि शिव्या देता देताच आपापली पालं उतरवली. एखादी गैरहजेरी त्यांना परवडत होती. थोड्याच वेळात चौकात खालच्या बाजूला देल्फिनाचं पाल उरलं आणि त्याच्याशेजारी, जरा उंचवट्यावर, दोरियानोचं.

"तू नाही गेलास?" तिने विचारलं.

"बोटी येतायत ना अजून," तो म्हणाला. "आणि तुला एकटीला सोडून कसा जाऊ?"

देल्फिना रबरी बूट घालून पाण्यात उभी होती आणि तिला त्याक्षणी खरंच बरं वाटलं. बोर्तोलो गेल्यापासून तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला बोट आली, आणि बोटीतून जी माणसं उतरली ती बघून देल्फिनाच्या तोंडून 'अरे देवा' निघालं. सगळी पलीकडच्या बेटांवर राजवाडा नि बागा बघायला गेली होती. सहलीचे पैसे आधी भरलेले, म्हणून पाऊस असला तरी बघायचंच. तिथले पांढरे मोर भिजून कोंबड्यांसारखे दिसत होते आणि माणसं मोरांपेक्षा वाईट. सहलीच्या कार्यक्रमात आता खरेदी होती. जर्मन, स्विस, दोन-चार डच, अंगावर पातळ प्लास्टिकचे डगले, पायात कापडी बूट, दात वाजतायत. फळीवरून त्यांचे पाय थेट पाण्यात पडले आणि समोर लोकरी मोज्यांची रांग लटकत होती.

देल्फिनाला जर्मन येत नाही. आकडे येतात आणि 'चांगली लोकर' हे दोन शब्द येतात. धंद्याला तेवढं पुरतं. एका झ्युरिचच्या बाईने, जिच्या पायातल्या चपलांची किंमत देल्फिनाच्या अख्ख्या पालाइतकी असेल, पुरुषी मोज्यांचे दोन जोड घेतले आणि तिथेच टेबलावर बसून एकावर एक चढवले. एक उंच जर्मन निळा पडला होता. त्याने लेंगा हातात घेतला, बायकोकडे बघितलं, बायकोने मान हलवली. देल्फिनाने ताडपत्रीचा मागचा पडदा धरला आणि तो त्याच्या आड कपडे बदलायला गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की पाठोपाठ चौघं पडद्यामागे जायला रांगेत लागली.

"गरम माल तिकडे! सगळे तिकडे जा!" दोरियानो आपल्या मोडक्या जर्मनमध्ये ओरडत होता. पिशव्या बघायला आलेल्यांनाही तो हाताला धरून देल्फिनाकडे पाठवत होता. "त्या बाईंकडे जा, ऊब तिथे आहे!"

माणूस म्हातारपणी सुधारतो की काय, असं देल्फिनाला वाटलं. विचार करायला तिला सवड नव्हती. बनियनी गेल्या, चड्ड्या गेल्या, ज्यांना आयुष्यात कुणी उचलून बघितलं नव्हतं ते जाड सुती कमरपट्टेही गेले. कितीतरी महिन्यांनी ती अशी विकत होती, आणि विकताना चेष्टा करत होती, ओरडत होती, एका डच म्हाताऱ्याच्या छातीला बनियन लावून "तुम्हाला नवरदेवासारखी बसतेय!" असं कार्मेन्योच्या बोलीत सांगत होती. त्याला शब्द कळला नाही, पण तो लाजला. बोटीने भोंगा दिला, माणसं परतू लागली. ज्यांची बोट उशिराची होती ती तेवढी चौकाच्या कडेच्या कमानीखाली कॉफीवाल्याकडे जाऊन उभी राहिली.

दोरीवर एकच गाऊन उरला होता, करड्या फुलांचा. दोरियानो पाण्यातून चालत आला आणि त्याने पाकीट काढलं.

"तो दे मला."

"तुला? कशाला?"

"बायकोसाठी. थंडी पडेल आता."

मिरेल्ला त्याला सोडून लुगानोच्या एका दातांच्या डॉक्टरकडे राहायला गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. देल्फिनाने त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर खाली घातली. एकटं माणूस घरी काय काय मनात आणतं, कुणासाठी काय घेऊन ठेवतं, हे तिला त्या वर्षी नव्याने कळलं होतं. बोर्तोलोची दाढीची साबणवडी तिने परवाच नवी आणून ठेवली होती.

"परत आली का रे मिरेल्ला?" तिने हळू आवाजात विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

शिवाय बाजारातला माणूस दोरीवर टांगलेला माल मागितल्यावर नाही म्हणत नाही. भांडणातला शेजारी असो, वैरी असो, टांगलंय म्हणजे विकायचंय. हा त्यांचा धर्म. देल्फिनाने गाऊन घडी करून कागदात बांधला, वर पैसेही कमी घेतले. दोरियानो पुडकं काखेत मारून आपल्या उंचवट्यावर गेला, आणि तिथून त्याने वळून जे स्मित केलं ते बायकोसाठी गाऊन नेणाऱ्या माणसाचं नव्हतं.

तिने मागे वळून दोरीकडे पाहिलं. रिकामी. टेबल रिकामं. गाडीही रिकामी, कारण हिवाळ्याचा नवा माल अजून यायचा होता.

फार पूर्वी काही लोक नुसती जागा राखायला येत. खांब रोवून, रिकाम्या टेबलामागे पेपर वाचत बसत. तेव्हापासून नियम झाला: उठायच्या फेरीला टेबलावर परवान्यातला माल दिसला पाहिजे. नसेल तर पाल असून नसल्यासारखं. एरवी हा नियम कुणाच्या ध्यानातही नसतो, कारण बाजारात सगळं विकलं जाण्याइतकं भाग्य कुणाला येतं? ते देल्फिनाला आणून दिलं होतं दोरियानोने, गिऱ्हाईक न् गिऱ्हाईक हाताला धरून.

"हरामखोर," ती म्हणाली. तिला राग दोरियानोचा आला त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण त्या गाऊनपायी तिला त्याची कीव आली होती.

पाणी आता नडगीपर्यंत होतं. गाउदेन्झिओ पँट वर खोचून, छत्री सावरत फेरीला आला. चर्चची दुपारची घंटा झाली की बाजार उठायचा, तिला अजून थोडा अवकाश होता. त्याच्या चेहऱ्यावर खरं तर कौतुक होतं. "देल्फिनाबाई, कमाल केलीत! एवढ्या पाण्यात..."

"गाउदेन्झिओ," वरून दोरियानोचा गोड आवाज आला, "जरा टेबल बघून घ्या हं. मी काही बोलत नाही. नियम म्हणजे नियम."

गाउदेन्झिओने टेबल बघितलं. दोरी बघितली. त्याचं तोंड उतरलं. "बाई, माल?"

"विकला. सगळा विकला. बाजारात माल विकणं हा गुन्हा कधीपासून झाला?"

"गुन्हा नाही हो. पण माल दिसला पाहिजे. परवान्यातला. मी काय करू?" तो कळवळून म्हणाला. "डोळे झाकून लिहू का? एवढी एक वेळ?"

इथे दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती. देल्फिनाही क्षणभर म्हणणारच होती. पण दोरियानो वर हाताची घडी घालून उभा होता, आणि हवालदाराच्या दयेवर राखलेला कोपरा आईचा राहिला नसता, तिचाही नसता. उद्या कुणीही म्हटलं असतं, तिला डोळे झाकून दिला.

"डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली. "चांगले उघडे ठेवा. आणि हे धरा."

तिने आपली छत्री त्याच्या दुसऱ्या हातात दिली, टेबलाच्या कडेवर बसली आणि एक रबरी बूट ओढून काढला. मग दुसरा. बूट टेबलावर उभे करून तिने घागऱ्याखाली दोन्ही हात घातले.

"बाई! बाई, अहो हे काय?" गाउदेन्झिओ दोन छत्र्या घेऊन गरकन पाठमोरा झाला.

"डोळे उघडे ठेवा म्हटलं ना!"

कमानीखालचे कॉफी पिणारे माना वळवून बघायला लागले. झ्युरिचच्या बाईने कप खाली ठेवला. देल्फिनाने कण्हत, शिव्या घालत, एक पाय मग दुसरा असा आपला लोकरी लेंगा ओढून काढला. करडा, जाड, गुडघ्याशी तिने स्वतः रफू केलेला. मग ती उतरली, अनवाणी, उघड्या नडग्यांनी ऑक्टोबरच्या सरोवरात उभी राहिली. पाणी इतकं गार होतं की तिचा श्वास अडकला. तिने लेंगा दोरीवर टांगला, दोन चिमटे लावले आणि त्याचे दोन्ही पाय नीट पसरून सारखे केले, दर रविवारी करते तसे.

"आतले कपडे," ती म्हणाली. "परवान्यातला माल. बघा."

गाउदेन्झिओ हळूच वळला. त्याने लेंग्याकडे बघितलं, गंभीरपणे, जवळ जाऊन, नियमाला शोभेल असं. "हे वापरलेलं आहे," तो पुटपुटला.

"जुने कपडे विकायला मनाई आहे?"

तो विचारात पडला. सगळे नियम त्याने मनातल्या मनात उलटेपालटे करून पाहिले असावेत. "नाही," तो शेवटी म्हणाला, आणि त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "मनाई नाही."

"मी घेतो!" दोरियानो उंचवट्यावरून धावत खाली आला, पाणी उडवत, पाकीट उघडत. "टांगलंय ना? विकायचंय ना? नाही म्हणता येणार नाही तुला. बोल, कितीला?"

घंटा अजून झाली नव्हती. देल्फिनाने त्याच्या उघड्या पाकिटाकडे बघितलं. पाय बधिर झाले होते, ओठ थरथरत होते, पण आतून तिला असा जोर चढला की तिला वाटलं, आता चौकभर पाणी आलं तरी मी इथेच.

"नाही कशाला म्हणू?" ती म्हणाली. "मी बाजारातली आहे. घे. किंमत सांगते. तुझं पाल, तुझी गाडी, आणि गाडीतल्या सगळ्या पिशव्या."

"या लेंग्याला?"

"चांगली लोकर आहे."

हे दोन शब्द सवयीने तिच्या तोंडून जर्मनमध्ये आले. कमानीखाली पहिल्यांदा झ्युरिचची बाई हसली, मग लेंगेवाला जर्मन, मग कॉफीवाला, मग सगळेच. गाउदेन्झिओ छत्र्यांच्या आड तोंड लपवून खोकायला लागला.

"काही कमी-जास्त?" दोरियानोने विचारलं. तो चिडला होता की हार मानत होता, कळत नव्हतं.

"एकच भाव. घ्यायचं नसेल तर पुढे हो, गिऱ्हाईकाची वाट अडवू नकोस."

घंटा झाली. पावसातून ती ओली, जडशी ऐकू आली. गाउदेन्झिओने तिची छत्री टेबलावर ठेवली, खिशातून फोन काढला, हजेरीच्या रकान्यावर बोट दाबलं आणि मोठ्याने म्हणाला, "झानोलेत्ती, देल्फिना. हजर, मालासकट." मग दोरियानोकडे वळून म्हणाला, "तुम्हीही हजर." आणि पाण्यावर टाकलेल्या फळ्यांवरून तोल सांभाळत निघून गेला.

देल्फिनाने लेंगा उतरवला. तो भिजून चिंब झाला होता, घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने तो पिळून खांद्यावर टाकला आणि तशीच बूट चढवून पाल उतरवायला लागली. टेबल एकटीने मिटलं. दोरी एकटीने गुंडाळली. ताडपत्री मात्र एकटीने उतरत नाही. ती पावसाचं पाणी साठून जड झालेली असते, दोघांनी दोन टोकं धरून एकदम उलटी करावी लागते, नाहीतर सगळं पाणी अंगावर येतं. इतकी वर्षं दुसरं टोक बोर्तोलोचं होतं. ती त्या रिकाम्या टोकाकडे बघत उभी राहिली, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा तिला रडू आलं. पावसात ते कुणाला दिसलं नाही.

दोरियानो आपल्या पालाशी अजून तसाच उभा होता, काखेत फुलांच्या गाऊनचं पुडकं घेऊन.

"काय बघतोस?" ती ओरडली. "ये इकडे. टोक धर."

"मी?"

"मग कोण? मिरेल्ला?"

तो आला. पुडकं दातात धरून त्याने दोन्ही हातांनी टोक पकडलं.

"वर," देल्फिना म्हणाली. "अजून वर. बोर्तोलो धरायचा तसं."

त्याने टोक वर केलं, देल्फिनाने आपलं त्याहून वर केलं, आणि ताडपत्रीतलं सगळं पाणी त्याच्या अंगावर आलं.